एकटा गोरिला नावाचा प्राणी नाही

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला शेजारचे जोडपे आले होते. अमेरिकेत अटलांटा शहरी त्यांची लेक असते. तिच्याकडे सहा महिने राहून ते नुकतेच परतले होते. परदेशाहून आलेल्याने छायाचित्रे दाखवायची आणि शेजाऱ्यांनी चकली मोडत ती पाहायची, हा आता दिवाळीचा एक विधीच होऊन बसला आहे. पूर्वी त्याला आल्बम लागे, आता मोबाईल पुरतो. धबधबे झाले, देवळे झाली, नातवाचा वाढदिवस झाला आणि मग तिथल्या प्राणिसंग्रहालयातील गोरिलांची एक चित्रफीत आली. हिरवीगार उतरण. मध्यभागी एक धिप्पाड नर, पाठ चांदीसारखी पांढुरकी. त्याच्यापासून चार हातांवर दोन माद्या पाला सोलीत बसलेल्या. एक पोर आईच्या पाठीवर. दुसरे बापाच्या अंगावरून घसरगुंडी करीत होते आणि बाप डोळे मिटून ते सारे चालवून घेत होता. शेजारीणबाई म्हणाल्या, "बघा, कशी गुण्यागोविंदाने राहतात! आपल्या माणसांतली एकत्र कुटुंबे मोडली, आणि ही जनावरे बघा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही मान डोलली, कारण तोंडात अनारसा होता आणि सणाच्या दिवशी कुणी भांडण काढीत नाही.

ते भांडण मी आता इथे काढणार आहे.

ज्या बागेतील ते कुटुंब पाहून आम्ही माना डोलावल्या, त्याच बागेत १९६१ पासून १९८८ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, एक गोरिला एकटा कोंडलेला होता. विली बी. हे त्याचे नाव. शहराच्या महापौरांच्या नावावरून ते ठेवलेले. सिमेंटची खोली, लोंबकळायला मोटारीचा टायर आणि पाहायला एक दूरचित्रवाणी संच, एवढा त्याचा संसार. त्याला दूरचित्रवाणी फार आवडते असे लोक कौतुकाने सांगत. भिंतीखेरीज दुसरे काही पाहायला नसेल तर ती कुणालाही आवडेल. १९८४ साली देशातील सर्वांत वाईट प्राणिसंग्रहालयांत या बागेचे नाव छापून आले, तेव्हा शहराला लाज वाटली आणि हालचाल सुरू झाली. १९८८ मध्ये विली बी.ला प्रथम मोकळ्या आवारात सोडले. पुढे माद्या आल्या, आणि १९९४ साली त्याला पहिली मुलगी झाली. सत्तावीस वर्षे एकांतात काढलेला हा नर पोरांशी मायेने वागला. २००० साली तो वारला तेव्हा हजारो लोक त्याच्या शोकसभेला गेले होते. त्याची नातवंडे पुढे त्याच बागेत जन्मली.

शेजारीणबाईंनी पाहिले ते कुटुंब कुणाच्या उपजत सद्गुणांतून उभे राहिलेले नव्हते. ते एका शहराचे प्रायश्चित्त होते. आणि माझे भांडण एवढ्याचसाठी आहे की, हे प्रायश्चित्त पाहून आपण 'जनावरे बघा कशी राहतात' म्हणतो आणि निघतो. जनावरे तशी राहत नव्हती. आपण त्यांना राहू देत नव्हतो.

गोरिला म्हणजे काय, हे युरोपला फार उशिरा कळले. १८४७ साली या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले. १८६१ साली पॉल द्यू शायू या प्रवाशाचे पुस्तक निघाले, आणि त्यातला छाती बडवून चाल करून येणारा राक्षस जगाच्या डोळ्यांपुढे असा बसला की अजून पुरता उठलेला नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५९-६० साली, जॉर्ज शॅलर नावाचा तरुण शास्त्रज्ञ बंदूक न घेता मध्य आफ्रिकेतील विरुंगा डोंगरांत गेला, महिनोन्‌महिने गोरिलांच्या आसपास बसला, आणि त्याने जे लिहून आणले त्यात राक्षस कुठेच नव्हता. त्यात होते एक घर. सकाळी उठायचे, पाला-कोंब खायचे, दुपारी सगळ्यांनी मिळून आडवे व्हायचे, पुन्हा खायचे, संध्याकाळी फांद्या-पाने मोडून प्रत्येकाने आपापले अंथरूण करायचे. पोराने मात्र आईच्या अंथरुणात शिरायचे. रोज रात्री नवे अंथरूण. मोठ्या नराने उठून चालायला लागावे की सगळा गोतावळा त्याच्यामागे.

प्राणिसंग्रहालयांत दिसतात ते पश्चिम आफ्रिकेच्या सखल रानांतले गोरिला, शॅलरच्या डोंगरी गोरिलांचे भाऊबंद. फळे ते अधिक खातात, पण संसाराची रीत साधारण तीच. एक रुपेरी पाठीचा नर, त्याच्या काही माद्या, त्यांची पोरे. मादीला साडेआठ महिन्यांनी एक पिल्लू होते, ते तीन-चार वर्षे अंगावर पिते, आणि मधल्या काळात दुसरे होत नाही. लेक वयात आली की घर सोडून दुसऱ्या नराकडे जाते. मुलगेही बहुधा घर सोडतात, आणि बारा-पंधरा वर्षांचे होऊन पाठ रुपेरी झाल्यावर ज्याला जमेल तो आपला संसार मांडतो. माद्यांची भांडणे होतात. होतातच, तिथेही जावाजावाच आहेत! नर मध्ये येऊन उभा राहतो, खाकरतो, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. नर मेला तर मात्र घर फुटते, माद्या पांगतात, आणि नवा नर जुन्याची तान्ही पोरे मारून टाकतो असेही घडते. आदर्श कुटुंबाचे चित्र रंगवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. आदर्श म्हणून घरात टांगायला गोरिलांचे कुटुंब नाही. पण गोरिला जे काही असतो ते त्या घरात असतो. वाघ रानात एकटा हिंडतो, म्हणून पिंजऱ्यातला एकटा वाघ दुःखी असला तरी तो वाघच असतो. एकटा गोरिला ही गोष्ट निराळी आहे. मधमाशी डबीत घालून पोळे दाखवल्याचा आव आणावा, तसे ते आहे.

आणि हा एकटा गोरिला पिंजऱ्यात आला कसा? पिल्लू पकडायचे तर ते आईच्या छातीला चिकटलेले असते. आई पिल्लाला सोडीत नाही आणि नर आईला सोडीत नाही. म्हणून जुन्या काळी जी जी पिल्ले युरोप-अमेरिकेत पोहोचली, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे रानात प्रेते पडली होती. १९६९ साली जर्मनीतील कोलोनच्या प्राणिसंग्रहालयासाठी रुवांडाच्या डोंगरांत दोन पिल्ले धरली. अर्धमेल्या अवस्थेत ती डायन फॉसीकडे आली. तिने त्यांना जगवले आणि मग तिला ती पाठवून द्यावी लागली. तिने लिहून ठेवलेला हिशेब असा: एका पिल्लापायी दहा गोरिला मेले, दुसऱ्यापायी आठ. कोलोनमध्ये ती दोन्ही पिल्ले १९७८ साली एकामागोमाग मेली. तिकीट काढून ज्यांनी ती पाहिली त्यांना दोन गोरिला दिसले. उरलेले अठरा कुणालाच दिसले नाहीत.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'गाय' नावाचा गोरिला होता. १९४७ साली आला तेव्हा लहानसा होता, आणि गरम पाण्याची एक पिटुकली पिशवी छातीशी कवटाळून होता. आईच्या ऐवजी गरम पाण्याची पिशवी! पुढे तो अवाढव्य झाला, लाखो लोकांनी त्याला पाहिले. पिंजऱ्यात चिमण्या येत, तेव्हा तो एखादी अलगद तळव्यावर उचलून घ्यायचा, न्याहाळायचा आणि सोडून द्यायचा. हे लोकांना फार गोड वाटे. मला ते वाचताना घशाशी आवंढा येतो, कारण एवढ्या मोठ्या हाताला धरायला दुसरे काही नव्हते. फार वर्षांनी त्याला मादी आणून दिली. वंश काही वाढला नाही. १९७८ साली दातांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो मेला.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण इथे वाचकांपैकी पुष्कळांशी माझा मतभेद होणार आहे. आईपण उपजत असते, मादी जातीला ते कुणी शिकवावे लागत नाही, असे आपण सगळे धरून चालतो. 'गाईला कुणी शिकवले?' हा आपला ठेवणीतला प्रश्न. गाईचे मला ठाऊक नाही. गोरिलाच्या बाबतीत उत्तर ठाऊक आहे आणि ते पिंजऱ्यांनीच दिले आहे.

२२ डिसेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील कोलंबस येथे पिंजऱ्यात जगातील पहिला गोरिला जन्मला. आई रानातून लहानपणीच धरून आणलेली. पिल्लू वारेच्या पिशवीत गुंडाळलेलेच जमिनीवर पडलेले सापडले. तिथे काम करणाऱ्या पशुवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने पिशवी फाडून त्याच्या तोंडात स्वतःचा श्वास फुंकला, म्हणून ते जगले. कोलो तिचे नाव. माणसांच्या हातून बाटलीने दूध पिऊन, बाळाची झबली घालून ती वाढली, आणि साठ वर्षे जगून जानेवारी २०१७ मध्ये वारली. दुसरा जन्म १९५९ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी. आकिला नावाच्या मादीने पोर टाकले नाही, छातीशी धरले; पण पाजायचे कसे ते तिला उमजेना. पोर तहानेले, आई गोंधळलेली. अखेर बागेचे संचालक एर्न्‌स्ट लांग यांनी ते पोर आपल्या घरी नेले आणि आपल्या कुटुंबात वाढवले. ती गोमा. मग दीड वर्षाने, १९६१ च्या एप्रिलात, त्याच आकिलाला मुलगा झाला. या वेळी तिला जमले. पिंजऱ्यात आईच्या दुधावर वाढलेला तो पहिला गोरिला, जाम्बो.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. तिची कारणे शहाण्या माणसांनी नाना प्रकारे सांगितली आहेत. मला त्यातले एवढेच दिसते की, पोर मांडीवर कसे घ्यायचे, मान कशी सावरायची, कोणत्या रडण्याचा काय अर्थ, हे सांगायला तिथे आई असते, आजी असते, आणि मुख्य म्हणजे मुलीने लहानपणापासून हे सारे त्याच घरात दहा वेळा पाहिलेले असते. रानातली गोरिला मादी असेच पाहून पाहून शिकते. धाकट्या भावंडाला ती हात लावायला जाते, आई कधी लावू देते, कधी गुरकावते. पिंजऱ्यातल्या या पहिल्या आयांना माहेरच नव्हते. ते बंदुकीने संपवले होते. मग त्यांनी पोर जमिनीवर टाकले की वर्तमानपत्रे लिहीत: 'निर्दय माता'!

ही गोष्ट इतकी पक्की आहे की आजही तिच्यावाचून सुटका नाही. डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयात एक ओरांगउटान मादी होती, गोरिलाच्या नात्यातलीच. तिची आधीची पोरे तिच्या हातून जगली नव्हती. २०२४ साली ती गाभण असताना तीस बाळंतिणी पाळीपाळीने तिच्या काचेपुढे येऊन बसल्या आणि त्यांनी आपापली बाळे तिच्यासमोर अंगावर पाजली. ती लक्ष देऊन पाही. बाळ झाले तेव्हा तिने ते जवळ घेतले, माया केली, पण पाजण्याजोगे धरणे तिला साधले नाही आणि बाळ बाटलीवर न्यावे लागले. त्या तीस बायकांबद्दल मला फार आदर वाटतो. तरीही काचेपलीकडच्या तीस पाहुण्यांनी घरातल्या एका आजीचे काम होत नाही.

सिनसिनाटी येथे २०१३ साली आईने नाकारलेले ग्लॅडिस नावाचे पिल्लू टेक्सासहून आणले. तिथल्या राखणदारांनी काळ्या केसाळ बंड्या अंगात घातल्या, गुडघ्यांना गाद्या बांधल्या, आणि कित्येक महिने रात्रंदिवस पाळ्या लावून ते हातापायांवर चालले, गोरिलांसारखे खाकरले, पोर पोटाशी-पाठीशी वागवले. आणि मग ते एका प्रौढ मादीच्या ओटीत घातले. शिकल्यासवरल्या, पोराबाळांच्या माणसांनी केसाळ बंडी घालून रांगावे, हे दृश्य हसण्यासारखे आहे खरे. पण एका घराची जागा भरून काढायला किती माणसे आणि किती महिने लागतात, त्याचा हा हिशेब आहे. हसून झाल्यावर तोही मांडावा.

जाम्बोचे पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे. तो इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि मोठ्या कुटुंबाचा कर्ता झाला. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी पाच वर्षांचा एक मुलगा कठड्यावरून त्यांच्या आवारात पडला आणि बेशुद्ध झाला. वर माणसांचा आरडाओरडा चाललेला. जाम्बो आला, पोर आणि बाकीचे गोरिला यांच्यामध्ये बसला, आणि त्याने हळूच मुलाच्या पाठीवर हात फिरवला. मूल शुद्धीवर येऊन रडू लागले तसा तो आपला गोतावळा घेऊन मागे सरला. द्यू शायूचा राक्षस त्या दिवशी चलच्चित्रात मेला म्हणायला हरकत नाही. आईच्या दुधावर वाढला म्हणून जाम्बो असा वागला, असा सिद्धांत मांडण्याचा उतावळेपणा मी करणार नाही. १९९६ साली शिकागोजवळ ब्रुकफिल्ड येथे पडलेल्या तीन वर्षांच्या मुलाला उचलून दाराशी नेऊन ठेवणारी बिंती जुआ माणसांच्या हातची वाढलेली होती. तिचे स्वतःचे पोर त्या वेळी तिच्या पाठीवर होते. 'मातेचे हृदय' म्हणून जगभर मथळे झळकले. पण ते पोर होण्याआधी राखणदारांनी तिला खोटे बाळ देऊन सांभाळायला शिकवले होते, हे मथळ्यात मावले नाही. मातेचे हृदय होतेच. त्याला हातांची शिकवण कुणीतरी दिली होती.

यावर प्राणिसंग्रहालयांचे कैवारी म्हणतील, 'अहो, हे सगळे आता सुधारले आहे.' सुधारले आहे, मान्य. रानातून धरून आणणे बंद झाले. आता वंशावळीच्या वह्या आहेत. कोणाची लेक कोणाकडे द्यायची, हे एकाच रक्ताचे लग्न टाळून पंच ठरवतात. आपल्या वधूवर सूचक मंडळांनी हेवा करावा असा कारभार! अर्थात चुका त्यांच्याही होतात. कोलंबसच्याच बागेत सली नावाचा एक तरुण 'नर' चार वर्षे सुखाने नांदत होता. २०२३ च्या जुलैत एका सकाळी राखणदारांनी पाहिले तो त्याच्या हातात नुकते जन्मलेले बाळ! लहान वयात नर-मादी ओळखणे कठीण असते, असा खुलासा बागेने केला.

पण सुधारणेच्या पोटातही एक गाठ आहे, ती कैवारी सहसा दाखवीत नाहीत. पोरे निम्मी नर होतात. घराला प्रौढ नर लागतो एक. मग उरलेल्यांचे काय? त्यांना ब्रह्मचाऱ्यांच्या टोळ्या करून वेगळ्या आवारात ठेवतात. कुठे जमते, कुठे वयात आल्यावर मारामाऱ्या होऊन पुन्हा एकेकाला वेगळे कोंडावे लागते. माद्यांना गोळ्या देऊन पोरे मोजकीच होऊ देतात. म्हणजे चित्रफितीतल्या त्या गुण्यागोविंदाच्या प्रत्येक घरामागे पडद्याआड एखादा सडाफटिंग बसलेला असतो. माझा याला इलाज नाही. रानात सोडा म्हणणेही सोपे नाही; इंग्लंडात वाढलेले एक कुटुंब २०१४ साली गॅबॉनमध्ये सोडले, तेव्हा त्यातल्या काही माद्या थोड्याच काळात मेल्या. रानाची ओळखही घरातच होते, आणि ते घर रानात नव्हते. पण इलाज नाही म्हणून गाठ लपवू नये. कुटुंब ठेवायचे तर त्याच्या लेकांची जबाबदारीही घ्यावी लागते, ही किंमत तिकिटाच्या खिडकीवर लिहिलेली असावी.

दुसरी किंमत आपल्या, म्हणजे पाहणाऱ्यांच्या वागण्याची. रॉटरडॅमच्या बागेत बोकितो नावाचा नर होता. एक बाई आठवड्यातून चार-चार वेळा त्याला पाहायला जात, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून हसत. आपले त्याच्याशी नाते जडले आहे असे त्यांना वाटे. गोरिलाकडे रोखून पाहणे आणि दात दाखवणे याचा त्याच्या घरात काय अर्थ होतो, ते त्यांना कुणी सांगितले असले तरी पटले नसावे. १८ मे २००७ रोजी त्याने खंदक ओलांडला आणि त्याच बाईंना गाठून भयंकर जखमी केले. पुढे तिथे कागदी चष्मे वाटले गेले, ज्यांच्यावर बाजूला पाहणारे डोळे छापलेले होते! आपल्याकडे असे चष्मे वाटायचे तर कारखानाच काढावा लागेल. पिंजऱ्यापुढे उभे राहून हाका मारणे, टाळ्या पिटणे, तोंडे वेंगाडणे आणि हे सारे मुलांना 'गंमत' म्हणून शिकवणे, यात आमचा हात धरणारे फार थोडे.

आता आपल्या दाराशी येतो. म्हैसूरच्या श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयात पोलो नावाचा गोरिला १९९५ साली डब्लिनहून आला. सुटीत म्हैसूर-उटी करणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांनी त्याला पाहिले आहे. साऱ्या देशात तो एकटा गोरिला होता. त्याला जोडीदारीण मिळावी म्हणून खटपटी झाल्या, जमल्या नाहीत. २०१४ साली तो तसाच वारला. राखणदारांनी त्याची हयगय केली असे मी म्हणत नाही. त्यांनी त्याला जीव लावला असणार. पण आपल्याकडे १९९२ पासून प्राणिसंग्रहालयांचे नियम आहेत, आणि जोडीदाराशिवाय कोणताही प्राणी एक वर्षाहून अधिक काळ ठेवू नये, जोडीदार मिळत नसेल तर त्याला दुसरीकडे हलवावे, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. सबळ कारण असल्यास सूट आहे. ही सूट फार मोठी आहे; तिच्यातून गोरिला सहज जातो. 'देशातला एकमेव गोरिला' हे बिरुद ज्याला लाभले, त्याला हलवणार कोण? एकमेव असणे ही त्याची शिक्षा होती आणि आपल्या लेखी तीच त्याची प्रतिष्ठा.

'मुलांना पाहायला तरी मिळते,' हा शेवटचा बचाव. मिळते काय पाहायला? एक मोठा काळा प्राणी बसला आहे, पाठ फिरवून. यातून मूल गोरिलाबद्दल एवढेच शिकते की तो उदास असतो. त्यापेक्षा त्याच मोबाईलवर जर्मनीतल्या म्युन्स्टरची गाना दाखवा. २००८ च्या ऑगस्टमध्ये तिचे तीन महिन्यांचे पोर मेले, आणि ती दिवसच्या दिवस ते कलेवर पाठीवर टाकून फिरत राहिली, हलवून पाहत राहिली. गंमत अशी की आधीची एक मुलगी तिने सांभाळली नव्हती. कठड्याबाहेर माणसे रडत होती. राखणदारांनी ते पोर हिसकावून घेतले नाही. तिला सोडावेसे वाटेपर्यंत ते थांबले. त्याच देशातून २०२१ साली म्हैसूरला दोन गोरिला आले, चौदा वर्षांचा थाबो आणि आठ वर्षांचा डेम्बा. दोघेही नर. एकापेक्षा दोघे बरे, यात शंका नाही. पण चौदाचा पुढे विशीत गेला, आठाचा वयात आला की या दोघांचे काय, हा प्रश्न दोघांच्या पाठी रुपेरी होतील तसतसा मोठा होत जाणार आहे.

माझी मागणी साधी आहे आणि ती बागेच्या अधिकाऱ्यांइतकीच तुमच्या-माझ्याकडे आहे. गोरिला ठेवायचा असेल तर घर ठेवा: नर, माद्या, पोरे, म्हाताऱ्या, आणि जागा इतकी की रुसलेल्याला पाठ फिरवून लांब जाता येईल. ब्रह्मचाऱ्यांची टोळी ठेवायची असेल तर तसे ठरवून, जाहीर सांगून, भांडण झाल्यास वेगळे राहण्याची सोय करून ठेवा. हे झेपत नसेल तर पिंजरा रिकामा ठेवा, आणि बाहेर पाटी लावा की इथे गोरिला नाही, का नाही ते वाचा. मी माझ्या नातवंडांना ती पाटी दाखवायला तिकीट काढून नेईन.

आमचे शेजारी या दिवाळीच्या सुटीत म्हैसूरला निघाले आहेत. शेजारीणबाईंनी यादी केली आहे: वृंदावन, चामुंडी, रेशमी साड्या, गोरिला. त्यांना मी दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. थाबो-डेम्बाकडे रोखून पाहू नका, जरा तिरपे उभे राहा. आणि तिथे जो राखणदार भेटेल त्याला बाजूला घेऊन, आदराने, एवढे विचारून या: "यांच्या घरी बायामाणसे केव्हा येणार आहेत, भाऊ? की येणारच नाहीत?"